काळी घेऊ की माळ? वाटणीच्या आधी एक खड्डा खणा

पत्र थोडक्यात: लिहिणारे पस्तिशीतले, मंगळवेढा तालुक्यातले शेतकरी. घरची अकरा एकर, दोन तुकड्यांत. सहा एकर ओढ्याच्या बाजूची काळीभोर, विहीर तिथेच. पाच एकर गावाच्या वरच्या अंगाला माळ, मुरमाड, आजवर मटकी-बाजरी नाहीतर मेंढरं चारायला. वडील (घरात सगळे आबा म्हणतात) म्हणतायत माझ्या डोळ्यांदेखत वाटणी होऊन जाऊ दे. थोरला भाऊ पुण्यात नोकरीला, तो म्हणाला "रानात तू राबतोस, आधी तू निवड." यांचं जवळपास ठरलंय की काळी घ्यायची आणि त्यातल्या चार एकरात भगवा डाळिंब लावायचं, कारण सांगोल्याकडच्या मेव्हण्याने माळावर डाळिंब करून घर बांधलं, "त्याच्या खडकात एवढं येतं तर माझ्या काळ्यात किती येईल." मृद आरोग्य पत्रिका काढलीय, रिपोर्ट चांगला आलाय म्हणतात. आबांचं म्हणणं काळीत ज्वारीच. रोपवाटिकावाला अ‍ॅडव्हान्स मागतोय. प्रश्न दोन: काळीत डाळिंब लावू का, आणि थोरल्याला माळ देऊन मी त्याला फसवतोय का?

दादा, नमस्कार.

तुमचा सगळा प्लॅन ज्या एका वाक्यावर उभा आहे ना, "त्याच्या खडकात एवढं येतं तर माझ्या काळ्यात किती येईल", ते वाक्यच मला उलटं वाटतंय. तुमच्या मेव्हण्याला डाळिंब साधलं त्यात त्याच्या खडकाचा मोठा हात आहे. खडक ही अडचण होती आणि तो तिला पुरून उरला असं तुम्ही धरून चाललाय, आणि पुढचा हिशेब असा की अडचणच काढून टाकली तर उत्पन्न दुप्पट. डाळिंबाच्या बाबतीत हा हिशेब बसत नाही. का ते जरा सविस्तर सांगते, कारण थोड्याफार फरकाने असंच पत्र जत, आटपाडी, माण, करमाळा अशा भागांतून येतच असतं, खाली काळी, वर माळ आणि मध्ये वाटणी.

आधी हे दोन तुकडे वेगळे झाले कसे ते बघा. सोलापूर जिल्हा जवळजवळ सगळा बेसाल्टवर बसलाय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तोच काळा पत्थर तुमच्या विहिरीत खाली लागला असणार. हा दगड झिजून आधी मुरूम होतो, मुरमाची पुढे माती होते. वरच्या अंगाला उतार आहे म्हणून तिथे तयार झालेली माती पावसाबरोबर निघून जाते, माळावर वीतभर माती उरते आणि खाली लगेच मुरूम. आणि निघून गेलेली माती साठते खाली, ओढ्याकाठी, सखल भागात. म्हणजे तुमची काळी ही बऱ्यापैकी तुमच्याच आणि शेजारपाजारच्या माळावरून हजारो वर्षं उतरत आलेली माती आहे. तुमच्या तालुक्यातही हेच मोठ्या मापात दिसतं, माण आणि भीमा नद्यांच्या बाजूला सपाट खोल काळी रानं आणि दक्षिणेला भोसे-नंदेश्वरच्या अंगाला गेलं की हलकी, दगडगोट्यांची जमीन. दगड सगळीकडे एकच आहे, फरक आहे तो मातीची खोली किती, चिकणमाती किती आणि पडलेलं पाणी मुळाशी किती वेळ थांबतं याचा.

खोल काळ्या जमिनीत चिकणमाती पन्नास-साठ टक्क्यांपर्यंत असते आणि ती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आक्रसते. एप्रिल-मेमध्ये तुमच्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडत असतील त्या यामुळेच. अशी मीटरभर खोल जमीन पिकाला घेता येईल असं दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पोटात धरते. तुमच्याकडे वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, त्यातला भरवशाचा तो उत्तरा-हस्ताचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा. तो पडून गेला की ज्वारी पेरायची आणि पुढे चार महिने एक थेंब नाही पडला तरी ती त्या साठ्यावर पिकते. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात आणि २०१६ साली इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे कष्ट आहेत, मालदांडीसारखा वाण आहे, पण सगळ्यात आधी ही पाणी न सोडणारी माती आहे.

आता हीच माती डाळिंबाला काय करते बघा. डाळिंब बारमाही झाड, त्याची पाणी-अन्न घेणारी मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत, आणि मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. सप्टेंबरात तुमच्याकडे चार दिवस झड लागली की काळ्या रानात वाफसा यायला किती दिवस जातात ते तुम्ही मला सांगायला पाहिजे, मी तुम्हाला नाही. कधी कधी आठ-आठ, दहा-दहा दिवस पाय टाकता येत नाही. ज्वारी तेव्हा एकतर पेरायची असते नाहीतर नुकती उगवलेली असते. पण झाड तिथेच उभं असतं, मुळं गुदमरतात, पांढरी मुळी काळी पडते, आणि मर रोगाच्या बुरशीला असं ओलं, कोंदट रान फार मानवतं. एक झाड पिवळं पडून वाळलं की शेजारचं, मग त्याच्या शेजारचं, असं ओळीने जातं. उन्हाळ्यात परत उलटी गोष्ट, जमीन भेगाळली की बारीक मुळं ताणून तुटतात आणि ठिबकचं पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं.

पण यापेक्षाही मोठी गोष्ट आहे ती ताणाची आणि तिचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, म्हणून जरा थांबून सांगते. डाळिंबाचा बहार धरायचा म्हणजे आधी झाडाला ताण द्यायचा, पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळली पाहिजेत, त्या काळात झाड वाढ थांबवून काडीत अन्नसाठा करतं, मग छाटणी, खत, पहिलं पाणी, आणि सगळी कळी एकदम फुटते. बाग एकसारखी आली, फळ एका साइजचं आलं, व्यापारी बांधावर आला, हे सगळं त्या ताणावर असतं. मेव्हण्याच्या मुरमाड रानात पाणी बंद केलं की महिन्याभरात ताण बसतो, कारण जमिनीत धरून ठेवायला काही नाहीच. तुमच्या काळीत तुम्ही वरून पाणी बंद कराल पण खालची दोन-अडीच फूट माती झाडाला ओल पुरवतच राहणार. झाड हिरवंगार, तुम्ही रोज सकाळी जाऊन बघताय, पान गळत नाही. हस्त बहार धरायचा म्हटला तर आणखी पंचाईत, वरून पाऊस आणि खालून ओल. मग लोक इथरेल मारून पानगळ करतात. इथरेल ताण बसलेल्या बागेतसुद्धा मारतातच, ते काही वाईट नाही, पण काडीत साठा झालेला नसताना नुसती पानं पाडली तर कळी कमी निघते, नर फुलं जास्त निघतात आणि सेटिंगला, म्हणजे फळधारणेला, मार बसतो. मेव्हण्याला विचारा की त्याच्या भागात कुणी काळ्या रानात बाग लावलीय का आणि बहार वेळेवर निघतो का. तो तुम्हाला माझ्यापेक्षा नीट सांगेल.

आता तुमचा 'चांगला' रिपोर्ट. तुम्ही आकडे पाठवलेत ते बरं केलंत: सामू (पीएच) ८.३, ईसी (क्षारांचं माप) ०.४, सेंद्रिय कर्ब ०.४५, नत्र कमी, पालाश भरपूर. काळ्या रानाचा अगदी नेहमीचा रिपोर्ट आहे हा, क्षार नाहीत, कर्ब मध्यम, पालाश आपल्या काळ्या जमिनीत बहुतेक असतोच. ज्वारी-हरभऱ्याला खत किती टाकायचं ते ठरवायला हा कागद उत्तम. पण बघा, २०१५ पासून जी मृद आरोग्य पत्रिका मिळते त्यात बारा गोष्टी असतात, सामू, ईसी, कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. नमुना असतो वरच्या वीतभर मातीचा. खाली माती किती खोल आहे, पाणी निचरतं की नाही, दोन फुटांवर चुनखड आहे का, यातलं काहीही त्या कागदावर नसतं आणि फळबाग जगणार की नाही ते नेमकं यावर ठरतं. म्हणजे रिपोर्ट खोटा नाहीये, तुम्ही त्याला जो प्रश्न विचारताय तो त्याच्या सिलॅबसमध्येच नाही. आणि एक, नमुना काळीचाच काढलाय, माळाचा काढलाच नाही. का नाही काढला? कारण घरात सगळ्यांनी गृहीत धरलंय की माळात बघण्यासारखं काय आहे.

तर आता काम सांगते. जेसीबी बोलवा, भाड्याचा तासाभराचा खर्च आहे, आणि दोन्ही तुकड्यांत खड्डे काढा. काळीत दोन, एक ओढ्याजवळ आणि एक वरच्या बांधाकडे. माळावर तीन तरी, कारण माळ कधीच एकसारखा नसतो, दहा पावलांवर जमीन बदलते. रुंदी माणूस उतरेल एवढी आणि खोली चार फूट किंवा कातळ लागेपर्यंत. मग आत उतरा, सूर्य पाठीशी घ्या आणि खुरप्याने भिंत जरा तासून बघा. माती कुठे संपते आणि मुरूम कुठे लागतो तिथे टेप लावा. मुरूम पिवळट, भुसभुशीत, पहारीने सुटणारा आहे का कडक पत्थर, कारण कच्च्या मुरमात डाळिंबाची मुळं शिरतात, पत्थरात नाही. गवताची, बाभळीची मुळं कुठपर्यंत गेलीत ते बघा, ती खोटं बोलत नाहीत. काळीच्या खड्ड्यात दीड-दोन फुटांखाली ढेकळांचे पृष्ठभाग चकचकीत, घासून गुळगुळीत केल्यासारखे दिसले तर समजा ही जमीन फुगते-आक्रसते तेव्हा आतल्या आत सरकते आणि झाडाच्या मुळांना ते सोसत नाही. करडे-निळसर किंवा गंजासारखे डाग दिसले तर तिथे पाणी साचतं. पांढरे खडे, पांढरी भुकटी म्हणजे चुना, त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका (हातमोजे घालून, मुलांना लांब ठेवून), जोरात फसफसलं की चुना भरपूर. थोडा चुना डाळिंब सहन करतं, पण प्रयोगशाळेत मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर निघाला तर लोह मिळत नाही, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दरवर्षी दिसत राहतं आणि तुम्ही फेरस सल्फेट, चिलेटेड लोह यात पैसे घालत राहता.

मग खड्ड्यात पाणी भरा. एकदा भरून जिरू द्या, परत भरा आणि घड्याळ लावून बघा. माळाचा खड्डा काही तासांत मोकळा व्हायला पाहिजे. काळीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही पाणी दिसलं तर तुम्हाला तुमचं उत्तर मिळालं, मला परत पत्र लिहायची गरज नाही. आणि खड्ड्याच्या भिंतीतून एक फूट, दोन फूट, तीन फूट अशा थरांचे अर्धा-अर्धा किलो नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत भरा, सावलीत वाळवा, वर गट नंबर आणि खोली लिहा आणि फळबागेसाठी तपासणी करायचीय, मुक्त चुनाही काढा, असं स्पष्ट सांगून द्या. जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. शिवाय डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र तुमच्याच जिल्ह्यात आहे, सोलापूरजवळ केगावला, २००५ पासून. दुसऱ्या राज्यांतले लोक तिथे येऊन विचारून जातात आणि आपण मात्र रोपवाटिकावाल्याला विचारतो. विहिरीच्या पाण्याची बाटलीही सोबत न्या. पाणी जर मचूळ निघालं तर निचरा नसलेल्या काळीत क्षार वरती साठून काही वर्षांत जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक, व्हायची भीती असते, मुरमात ते निदान धुऊन जातात.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की ताई म्हणतायत माळ घे आणि माळावर लाव. थांबा. माळाचा गुण तोच त्याचा दोषही आहे, तो पाणी धरत नाही, आणि तुमचं पाणी सगळं खाली काळीत आहे. हिशेब करू. साडेचार बाय तीन मीटर अंतरावर एकरी तीनशे झाडं बसतात. फळं अंगावर असलेल्या मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला चाळीस लिटर धरा, म्हणजे एकरी रोजचं बारा हजार लिटर. फेब्रुवारी ते मे असे चार महिने विहिरीने हात वर केले असं समजा, तर एका एकराला चौदा लाख लिटरच्या आसपास. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं तुडुंब भरलं तर साधारण बावीस लाख लिटर पाणी धरतं, त्यातलं बरंच ऊन पिऊन टाकतं. म्हणजे एका शेततळ्यावर एक एकर बाग सुखाने, दीड एकर जीव मुठीत धरून. चार एकर विसराच. मेव्हण्याकडे किती तळी आहेत, त्यात पाणी कुठून भरतो, टँकरला त्याने कुठल्या वर्षी किती घातले हे कधी विचारलंय का? घर दिसतं, टँकर दिसत नाहीत.

आणि घर कधीचं आहे तेही बघा. सांगोला-आटपाडीत, अगदी अजनाळ्यासारख्या डाळिंबाने नाव काढलेल्या गावांच्या पट्ट्यातही, गेल्या काही वर्षांत तेल्या (जिवाणूंमुळे होणारा डागांचा रोग), मर आणि खोडाला भोकं पाडणारा किडा यांनी हैराण होऊन लोकांनी बागा उपटल्यात. तेल्या जमीन बघून येत नाही, तो पावसाळी हवेत आणि खराब रोपांवरून येतो, त्यामुळे जमीन एकदम योग्य असली तरी बाग हातातून जाऊ शकते. योग्य जमीन म्हणजे एक कारण कमी झालं, इतकंच.

म्हणून माझं मत असं की माळावर खड्ड्यांचा निकाल बरा आला तर सगळ्यात बऱ्या कोपऱ्यात एक एकर लावा. जिथे कच्चा मुरूम आहे आणि वर निदान फूट-दीड फूट माती आहे तिथे. उताराला आडव्या ओळी घ्या. शेणखत भरपूर, गाळ मात्र जपून. सरकारच्या गाळमुक्त धरण योजनेतून तलावाचा गाळ मिळतो म्हणून लोक माळावर फूट-फूटभर गाळ पसरतात, ज्वारी-बाजरी घ्यायची असेल तर झकास, पण डाळिंबाच्या ओळीत तसं केलंत तर माळाचा जो एक फायदा होता, निचरा, तोच गाडून टाकाल. बाकीच्या माळावर घाई नको, सीताफळ, बोर ही कमी पाण्यावर हलक्या रानात तगणारी झाडं आहेत, त्यांना सांगोल्याच्या डाळिंबाइतका पैसा नाही पण टँकरही नाही.

तरीही काळीतच लावायचं असेल तर? लोक लावतात, अशक्य नाही म्हणणार मी. मग वरच्या बांधाकडची, जिथे मुरूम लवकर लागतो ती पट्टी घ्या, ओढ्याजवळची नको. उंच रुंद गादीवाफे करून त्यावर झाड, खोदलेल्या खड्ड्यात मुरूम मिसळून भर, दर काही ओळींनंतर ओढ्याकडे पाणी काढणारी चर. याचा खर्च एकरी कोटेशन घेऊन आधी लिहून काढा आणि मग त्यात हेही धरा की बहार तुमच्या मर्जीने निघेलच असं नाही. बँकेच्या कर्जावर हे करू नये असं मला ठामपणे वाटतं.

आता आबांकडे येते. तुम्ही लिहिलंय, "आबा जुन्या विचारांचे, ज्वारीच्या पुढे जात नाहीत." जमिनीच्या बाबतीत आबा बरोबर आहेत, फक्त त्याचं कारण त्यांना शब्दांत सांगता येत नसेल एवढंच. पण पैशाच्या बाबतीत तुम्हीही चूक नाही, मालदांडीचा २०२५-२६ चा हमीभाव ३,७४९ रुपये क्विंटल आहे, नुसतं धान्य मार्केटला घातलं तर सहा एकरांवर दोन पोरांचं शिक्षण निघत नाही हे मलाही कळतं, आणि काढणीला उपटायला माणसं मिळत नाहीत ती वेगळीच रड. तर भांडण ज्वारी की डाळिंब असं न ठेवता काळीतून जास्त काय निघेल असं ठेवा. पहिलं म्हणजे वाण खोलीप्रमाणे घ्या, हे कुणी पाळत नाही. राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस साधी आहे: दोन फुटांपेक्षा खोल भारी जमीन असेल तर फुले वसुधा, फुले यशोदा, आणि पाणी देता येत असेल तर फुले रेवती, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा तुमची मालदांडी, हलक्या फूटभर जमिनीला फुले अनुराधा. म्हणजे तुम्ही जो खड्डा खणणार आहात तो ज्वारीलाही उपयोगी. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या आत. तिसरी कोळपणी आठव्या आठवड्यात चुकवू नका, ती तणासाठी कमी आणि भेगा बुजवण्यासाठी जास्त असते, भेगेतून जी ओल उडते ती तुमच्या दाण्यातली असते. विहीर आहेच तर पोटरीत (कणीस बाहेर पडायच्या आधी) आणि दाणे भरताना एक-एक पाणी. फेरपालटीला हरभरा, करडई, या दोघांनाही तुमच्यासारखी ओल धरणारी जमीनच लागते. आणि विकताना मंगळवेढ्याचं मानांकन वापरा, त्यासाठी नोंदणी करावी लागते, त्याची माहिती तालुका कृषी कार्यालयात काढा. पुण्या-मुंबईत मालदांडी पाच-दहा किलोच्या पिशवीत लोक मागून घेतात आणि भाऊ पुण्यातच आहे! हुरडा, कडबा धरून हिशेब मांडा, नुसत्या क्विंटलवर नाही. उसाचा विचार मात्र मनातही आणू नका. कॅनॉलच्या पाण्यावर काळ्या रानात पाट सोडून ऊस करत राहिलेल्यांची जमीन खारवट-चोपण झालेली आपल्या राज्यात काही कमी ठिकाणी नाही.

राहिला भाऊ. तुम्ही विचारलंत फसवतोय का. तुमची अपराधी भावना यावर उभी आहे की काळी म्हणजे सोनं आणि माळ म्हणजे दगड. आता इतकं वाचल्यावर बघा, पाणी नेता आलं तर माळाचं एक एकर काळीच्या तीन एकरांना भारी पडू शकतं, पाणी नेता आलं नाही तर माळ खरंच मेंढरांचाच. म्हणजे खरी वाटणी जमिनीची नाहीये, विहिरीची आहे, आणि तिच्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळसुद्धा नाही. विहीर काळीत आहे म्हणून काळी घेणाऱ्याची, असं घरात न बोलता ठरलेलं दिसतंय. तिथे फसवणूक होऊ शकते, तुमच्या मनात नसताना. म्हणून विहीर सामाईक ठेवा, कुणाला आठवड्यात किती वेळ मोटर, वीजबिल कसं, माळापर्यंत पाइपलाइन कुणाच्या रानातून जाणार, हे सगळं वाटणीपत्रात लिहा आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद घाला. पुढच्या पिढीत भांडणं याच एका गोष्टीवरून लागतात.

दुसरा पर्यायही आबांसमोर ठेवून बघा: दोन्ही तुकड्यांतून दोघांना अर्धं-अर्धं. तुकडे लहान होतात हे खरं, पण तीन एकर काळीत ज्वारी-हरभरा आणि अडीच एकर माळावर एक एकर बाग हे एका माणसाला झेपणारं आहे, आणि एका वर्षी एक गेलं तर दुसरं असतं. थोरला पुण्यात आहे, त्याची जमीन तुम्हीच कसणार बहुतेक, मग बटाईचं की खंडाचं तेही आत्ताच बोला. त्याला फक्त "माळ घेतोस का" असं विचारू नका, खड्डे काढाल त्या दिवशी सुट्टी काढून ये म्हणा, दोघं आत उतरून बघा. आणि पत्रात शेवटी एका ओळीत आलंय की बहीण "काही मागत नाही". मागत नसली तरी हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत तिचा हिस्सा तुमच्याइतकाच आहे, तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करायला जाल तेव्हा तिची सही लागणारच. सहीच्या आदल्या दिवशी फोन करण्यापेक्षा तिलाही आत्ताच बोलवा, खड्डे बघायला.

रोपांचा अ‍ॅडव्हान्स सध्या देऊ नका. रोपवाटिकावाला म्हणणार बुकिंग फुल होतंय, होऊ दे. लागण जून-जुलैतही होते आणि पाण्याची सोय असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतही, तुम्ही आत्ता मेमध्ये खड्डे काढा, पावसाळ्यात ते बुजवू नका, भोवती काटे लावून ठेवा म्हणजे कुणी पडणार नाही, आणि हस्ताचा पाऊस झाला की आत पाणी किती दिवस राहतं ते बघा. ते एक निरीक्षण कुठल्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. हवं तर फोटो पाठवा, भिंतीला टेप टेकवून, आणि कुठला खड्डा कुठल्या बांधाकडचा ते लिहून, नाहीतर मला सगळे खड्डे सारखेच दिसतील.